विश्लेषण : चिलीत राजमा घालायचा की नाही? अमेरिकेतला हा वाद इतकी वर्षं का मिटत नाही?

टेक्सासमध्ये कुणाच्या घरी जेवायला गेलात आणि समोर आलेल्या चिलीच्या वाटीत राजमा शोधू लागलात, तर यजमानांच्या कपाळावर आठी पडू शकते. तिथून उत्तरेला ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात हीच चिली स्पॅगेटीवर ओततात आणि वर किसलेल्या चीजचा ढीग रचतात. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत मात्र राजमा आणि टोमॅटो नसेल तर त्याला चिली म्हणायचं तरी कसं, असा प्रश्न पडतो.

आपल्याकडे मिसळीत पोहे असावेत का, रस्सा कोल्हापुरी असावा की पुणेरी, यावरून जशी जुंपते तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की अमेरिकेत या वादाने विधिमंडळापर्यंत मजल मारली, त्यावर स्पर्धा भरल्या आणि त्या स्पर्धांच्या नियमावल्याही तयार झाल्या. हा वाद नेमका काय आहे? तो सुरू कुठून झाला? आणि ज्या बायकांनी हा पदार्थ लोकप्रिय केला, त्यांचं पुढे काय झालं?

चिली म्हणजे नेमकं काय?

इथे चिली म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश नव्हे आणि नुसती मिरचीही नव्हे. पदार्थाचं पूर्ण नाव 'चिली कॉन कार्ने'. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ होतो 'मांस घातलेली मिरची'. 'चिली' हा मिरचीसाठीचा शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआटल भाषेतून स्पॅनिशमध्ये आला.

नावातच पदार्थाचं गणित आहे. मुख्य घटक मिरची, आणि तिच्यासोबत मांस. पारंपरिक पद्धतीत वाळलेल्या लाल मिरच्या भाजून, भिजवून त्यांचं वाटण करतात. त्यात मांसाचे, बहुतेकदा बीफचे, बारीक तुकडे जिरं, लसूण आणि ओरेगॅनोसोबत दोन-तीन तास मंद आचेवर शिजवतात. तयार होतो तो दाट, गडद लाल रस्सा. टेक्सासमध्ये त्याला लाडाने 'बोल ऑफ रेड', म्हणजे 'लाल वाटी' म्हणतात.

१९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान्यता दिली.

सुरुवात कुठे झाली?

चिली नेमकी कुणी आणि कधी शोधली, याच्या अनेक दंतकथा आहेत. पण तिला नाव आणि गिऱ्हाईक मिळालं ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात.

या शहराचा इतिहास पाहिला की पदार्थाचा स्वभाव कळतो. १७१८ साली स्पॅनिश राजवटीत शहर वसलं. १७३१ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवरून काही कुटुंबं इथे येऊन स्थायिक झाली. पुढे हा प्रदेश मेक्सिकोकडे गेला, १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून वेगळा झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आसपास झेंडे बदलत राहिले. मेक्सिकन वंशाची माणसं मात्र त्याच गल्ल्यांमध्ये राहत होती आणि त्यांच्या चुलीवर मिरची, मांस आणि मका शिजत होता.

आज चिलीला 'मेक्सिकन' म्हणण्याची पद्धत आहे. मेक्सिकोतल्या अनेकांना ते मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने हा सीमेपलीकडचा, टेक्सासमध्ये घडलेला पदार्थ आहे. टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना 'तेहानो' म्हणतात. चिली ही या तेहानो स्वयंपाकघराची देणगी आहे, असं म्हणणं वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जातं.

'चिली क्वीन्स' कोण होत्या?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळ झाली की टेबलं आणि बाक मांडले जात. कंदील लागत. तेहानो बायका घरून शिजवून आणलेली चिली मोठ्या भांड्यांतून तिथे आणत, ती गरम ठेवत आणि रात्री उशिरापर्यंत विकत. गाडीवान, सैनिक, व्यापारी, पर्यटक असे सगळे एकाच बाकावर बसून जेवत. या विक्रेत्या बायकांना वर्तमानपत्रांनी आणि प्रवाशांनी नाव दिलं, 'चिली क्वीन्स'. अर्थात चिलीच्या राण्या.

त्या काळच्या वर्णनांत दहा सेंटला मिळणाऱ्या ताटाचा उल्लेख येतो. त्यात चिली असायची, टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरी असायची आणि शिजवलेले बीन्सही असायचे. फक्त ते चिलीत घातलेले नसत, शेजारी वाढलेले असत. राजम्यावरून पुढे इतकं रण माजलं, पण चिलीच्या राण्यांच्या ताटात दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या.

नाव राणीचं असलं तरी जागा मात्र हक्काची नव्हती. मिलिटरी प्लाझा या मुख्य चौकात नगरपालिकेची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा या बायकांना टेबलं उचलून दुसऱ्या चौकांत जावं लागलं. १९३७ च्या सुमारास आरोग्य विभागाने नियम कडक केले. उघड्यावर अन्न विकण्यावर आणि भांडी धुण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आणि चौकातली चिली बंद झाली. काही काळ जाळीच्या तंबूंत त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, पण १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हा बाजार कायमचा उठला.

स्वच्छतेचा प्रश्न खोटा होता असं नाही. पण चौकातल्या बायकांना पाणी आणि ओटे पुरवण्याऐवजी त्यांना हटवणं सोपं होतं. हातगाडीवाल्यांच्या प्रश्नाची ही बाजू भारतातल्या कुठल्याही शहराला नवी नाही.

मग चिली देशभर कशी पोहोचली?

१८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात 'सॅन अँटोनियो चिली स्टँड' होता. टेक्सासबाहेरच्या अनेकांनी चिलीची चव तिथे पहिल्यांदा घेतली.

दुसरा मोठा बदल एका जर्मन स्थलांतरितामुळे झाला. विल्यम गेभार्ट हे टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात उपाहारगृह चालवत. चिलीला लागणाऱ्या मेक्सिकन मिरच्या वर्षभर मिळत नसत. गेभार्ट यांनी त्या वाळवून, दळून, त्यात जिरं, ओरेगॅनो आणि इतर मसाले मिसळून बाटलीत भरायला सुरुवात केली. १८९० च्या दशकात त्यांची 'चिली पावडर' बाजारात आली. पुढे डबाबंद चिलीही आली.

आपल्याकडे कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला पाकिटात मिळू लागल्यावर जे झालं, तेच इथे झालं. मिरच्या निवडणं, भाजणं, वाटणं ही सगळी मेहनत संपली. ज्यांनी कधी टेक्सास पाहिलं नव्हतं, त्यांच्या स्वयंपाकघरातही चिली शिजू लागली. प्रत्येकाने ती आपल्या सोयीने बदलली, आणि वादाला खऱ्या अर्थाने तोंड फुटलं.

राजमा आला कुठून?

याचं सरळ उत्तर आहे, पैशांच्या अडचणीतून. मांस महाग, बीन्स स्वस्त. १९२९ नंतरच्या महामंदीत शहरोशहरीच्या 'चिली पार्लर'मध्ये थोड्या पैशांत पोटभर मिळणारी वाटी हा लाखो लोकांचा आधार होता. एक किलो मांसात चार माणसं जेवत असतील, तर राजमा घातल्यावर आठ जेवतात. मुलंबाळं असलेल्या घरांना, शाळांच्या खानावळींना आणि लष्कराच्या भटारखान्याला हे गणित पटणारच होतं.

सिनसिनाटीची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९२२ साली टॉम आणि जॉन किराजिएफ या मॅसेडोनियाहून आलेल्या भावांनी 'एम्प्रेस' नावाचं छोटं उपाहारगृह सुरू केलं. त्यांनी चिलीत दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस असे आपल्या मुलखातल्या मांसाहारी रश्शांच्या ओळखीचे मसाले घातले आणि ती स्पॅगेटीवर वाढली. तिथे आजही 'थ्री-वे' मागितलं की स्पॅगेटी, चिली आणि चीज येतं. कांदा किंवा बीन्स वाढवले की 'फोर-वे' आणि दोन्ही घेतले की 'फाइव्ह-वे'. टेक्सासचा माणूस याला चिली म्हणत नाही. सिनसिनाटीच्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

वाद स्पर्धेपर्यंत कसा गेला?

१९६७ साली न्यूयॉर्कचे विनोदी लेखक एच. ॲलन स्मिथ यांनी 'हॉलिडे' मासिकात एक लेख लिहिला. चिलीबद्दल आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असा त्याचा सूर होता. त्यांच्या कृतीत बीन्स होते आणि ढोबळी मिरचीही होती. टेक्सास खवळलं.

'डॅलस मॉर्निंग न्यूज'चे स्तंभलेखक फ्रँक टोलबर्ट आणि त्यांच्या मित्रमंडळींनी आव्हान दिलं. टेक्सासच्या बाजूने पत्रकार विक फाउलर उभे राहिले. लढतीसाठी जागा निवडली गेली ती मेक्सिकोच्या सीमेजवळच्या वाळवंटातलं टर्लिंगुआ, एकेकाळी पाऱ्याच्या खाणींमुळे वसलेलं आणि नंतर ओस पडलेलं गाव. तीन परीक्षक होते. एकाने स्मिथ यांना मत दिलं, दुसऱ्याने फाउलर यांना. तिसऱ्याने आपली जीभच बधिर झाल्याचं जाहीर केलं. सामना बरोबरीत सुटला.

गंमत म्हणून सुरू झालेला हा प्रकार थांबला नाही. आजही दर नोव्हेंबरमध्ये टर्लिंगुआत चिलीच्या स्पर्धा भरतात. आयोजकांमध्ये पुढे फूट पडली, त्यामुळे एकाच गावात एकाच सुमाराला दोन वेगळ्या स्पर्धा होतात. त्यांपैकी 'चिली ॲप्रिसिएशन सोसायटी इंटरनॅशनल' या संस्थेच्या नियमांनुसार चिलीत बीन्स, मॅकरोनी, भात असं काहीही भर म्हणून घालता येत नाही. 'इंटरनॅशनल चिली सोसायटी' या दुसऱ्या संघटनेने मात्र तोडगा काढला. त्यांच्या 'ट्रॅडिशनल रेड' गटात बीन्सना बंदी आहे, तर 'होमस्टाइल' म्हणजे घरगुती पद्धतीच्या गटात बीन्स चालतात.

स्पर्धेत बीन्स नको म्हणण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. परीक्षकांना रश्शाचा रंग, वास, दाटपणा, चव आणि गिळल्यावर मागे उरणारा तिखटपणा जोखायचा असतो. सगळ्यांच्या भांड्यांत तेच मोजके घटक असतील, तर तुलना सोपी जाते. हा नियम स्पर्धेसाठी ठीक आहे. अडचण होते ती हाच नियम घरच्या स्वयंपाकालाही लावला जातो तेव्हा.

'अस्सल'पणाचा दावा कितपत टिकतो?

घटकांचा मूळ पत्ता शोधला तर चित्र उलटं दिसतं. टेक्सासच्या कट्टर चाहत्यांना बीफ आणि जिरं अस्सल वाटतं. पण गायीगुरं अमेरिका खंडात आणली ती स्पॅनिश लोकांनी. जिरंही अटलांटिकपलीकडून आलं. लसूण आणि कांद्याचं तेच. उलट ज्यांना घुसखोर ठरवलं जातं, ते राजमा आणि टोमॅटो दोन्ही मिरचीसारखेच अमेरिका खंडाचे मूळ रहिवासी. युरोपियन जहाजं तिथे पोहोचण्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथले लोक बीन्स आणि मिरची पिकवत आणि खात होते.

टेक्सासचे कट्टर लोकही एकमेकांशी पूर्ण सहमत नाहीत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हे टेक्सासचे. त्यांच्या घरच्या 'पेडरनॅलिस रिव्हर चिली'ची कृती मागणारी इतकी पत्रं यायची, की त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी ती कार्डावर छापून घेतली. त्या कृतीत बीन्स नाहीत, पण टोमॅटो आहेत. अनेक पारंपरिक चाहत्यांच्या मते टोमॅटोसुद्धा चालत नाही.

घरी करताना खरोखर काय महत्त्वाचं?

मतं बाजूला ठेवली तरी काही गोष्टी स्वयंपाकाच्या शास्त्राने ठरतात.

*मांस :* चिलीला खांद्याकडचं, थोडं चिवट मांस चांगलं. त्यात कोलॅजन हे प्रथिन जास्त असतं. मंद आचेवर दोन-तीन तास ठेवलं की त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. खिमा लवकर शिजतो, पण हा दाटपणा देत नाही.

*मसाला :* मिरचीचा रंग आणि तिखटपणा, तसंच जिऱ्याचा वास हे सगळं पाण्यापेक्षा तेलात चांगलं उतरतं. त्यामुळे मसाला थेट रश्शात टाकण्यापेक्षा आधी तेलात परतणं केव्हाही चांगलं. फोडणी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

*दाटपणा :* टेक्सासमध्ये शेवटी थोडं 'मासा' घालतात. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं हे पीठ रस्सा एकजीव करतं.

*टोमॅटो :* आंबटपणामुळे कडधान्य शिजायला वेळ लागतो. म्हणून राजमा आधी पूर्ण शिजवावा, टोमॅटो नंतर घालावा.

*राजमा :* सगळ्यात गंभीर मुद्दा हाच आहे, आणि राजमा हवा की नको या भांडणात तो हरवून जातो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे नैसर्गिक विषारी प्रथिन असतं. नीट न शिजलेले चार-पाच दाणेही काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू करू शकतात. अमेरिकेत चिली बरेचदा 'स्लो कुकर'मध्ये, म्हणजे तासन्‌तास मंद उष्णता देणाऱ्या विजेच्या भांड्यात करतात. त्यात तापमान पुरेसं वाढलं नाही, तर दाणा मऊ होतो पण विष जात नाही. उलट अर्धवट गरम केलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त घातक ठरू शकतो. म्हणून कोरडा राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळावा. विष नष्ट व्हायला १० मिनिटं पुरतात, पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खात्रीसाठी ३० मिनिटं सुचवतं. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जात असल्याने आपल्या पद्धतीने भिजवून, शिट्ट्या काढून शिजवलेल्या राजम्याला हा धोका नाही.

*उरलेली चिली :* दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरते हे खरं. पण मोठ्या पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. लहान भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी.

मराठी स्वयंपाकघरात करायची तर?

इथे एक शब्द फसवतो. अमेरिकन पाककृतीत 'दोन मोठे चमचे चिली पावडर' लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ लाल तिखट नसतो. ती गेभार्ट यांच्यासारखी मिश्र पावडर असते. त्यातली मुख्य मिरची बहुतेकदा 'आंचो', म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची. ती रंगाने गडद, चवीला किंचित गोडसर आणि तिखटाला सौम्य असते. तेवढंच लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीचं तिखट घातलं, तर पातेलं कुणालाच खाता येणार नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे ब्याडगी, कारण तिचा रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. ती हलकी भाजून, गरम पाण्यात भिजवून, लसूण आणि भाजलेल्या जिऱ्यासोबत वाटली की मूळ पद्धतीच्या बरंच जवळ जाता येतं.

बीफऐवजी मटण चालतं. शाकाहारी घरात राजमा हाच नायक ठरतो. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा हाही राजम्याच्याच जातकुळीतला. मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली आणि तिथून देशभर पसरली. राजमाही त्याच खंडातून भारतात आला. त्यामुळे घेवड्याची चिली केली, तर दोन जुने शेजारी पुन्हा एका भांड्यात भेटतात, इतकंच.

मग बरोबर कोण?

'बीन्स नको' हा आग्रह गुरं मुबलक असलेल्या टेक्सासचा आणि नंतर स्पर्धेच्या नियमांचा. 'बीन्स हवेतच' ही सवय थोडक्यात सगळ्यांना जेवू घालणाऱ्या घरांची. दालचिनी आणि स्पॅगेटी ही नव्या देशात गिऱ्हाईक शोधणाऱ्या दोन भावांची युक्ती. यातली प्रत्येक कृती कुणाच्या तरी परिस्थितीतून आली आहे, आणि त्या परिस्थितीत ती बरोबरच होती.

'अस्सल चिली'च्या चर्चेत नावं येतात ती पावडर विकणाऱ्या उद्योजकाची, स्पर्धेत उतरलेल्या पत्रकारांची, राष्ट्राध्यक्षांची. ज्यांनी रस्त्यावर उभं राहून या पदार्थाला पहिलं गिऱ्हाईक मिळवून दिलं, त्या बहुतेक बायकांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. सॅन अँटोनियोत आता त्यांच्या आठवणीत उत्सव भरतो, चौकात पुन्हा भांडी मांडली जातात. चिलीत राजमा असावा की नाही यावर त्यांचं मत कुणी कधी विचारलं नाही. त्यांच्या ताटात मात्र एका बाजूला चिली होती, दुसऱ्या बाजूला बीन्स होते आणि ते एकत्र कालवायचे की वेगळे खायचे, हे जेवणाऱ्यावर सोडलेलं होतं.